दोन फेऱ्या

—बस, बस, उठू नकोस. दार लोटून घेतलंस ना? कडी नको लावूस, उगाच लोक काहीतरी बोलतील, आधीच कमी बोलतायत का. तर मी काय म्हणत होतो — हां, दोन फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्या तू पुढे पळायचं, तुझ्या नेहमीच्या वेगाने, म्हणजे बाकीच्या तुझ्यामागे ओढल्या जातील, आणि वारा तू अंगावर घ्यायचास. तिसरी सुरू झाली की पोटरीला हात लावायचा, जरा लंगडायचं आणि आत गवतावर उतरायचं. संपलं. यात अवघड काय आहे? काही नाही. पेसर म्हणतात याला, मोठमोठ्या शर्यतींत पैसे मोजून ठेवतात अशी माणसं, त्यात कमीपणा कसला. बूट दे इकडे, खिळे बघू. झिजलेत की रे — झिजलेत की गं. हे बघ, वर्ष झालं तरी माझी जीभ वळत नाही, तू मनावर घेऊ नकोस. नवे खिळे आणले होते, पण ते सकाळीच माझ्या मुलीच्या बुटांना लावले. तुला काय, दोनच फेऱ्या. जुने चालतील.

असं तोंड पाडून बसू नकोस. मी तुझ्या वाईटावर आहे का? तूच सांग. तू या कॉलेजात आलीस तेव्हा तुला कोण विचारत होतं? मुलांच्या संघात ठेवावं तर पोरं फिदीफिदी हसणार, मुलींच्या संघात घ्यावं तर त्यांच्या आया माझ्या खोलीबाहेर रांग लावणार. मी घेतलं. कोच म्हणून शिव्या मी खाल्ल्या. डॉक्टर, रक्त, तपासण्या, समिती — सगळीकडे तुझ्याबरोबर कोण आलं? मी. अगदी फुकटात नाही घेतलं, ते कबूल, ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय नाही मला — मुलीला सरावाला समोर कोणीतरी पळणारं हवं होतं. एकटी पळाली की ती ढेपाळते. तुझ्या मागे पळून पळून तिची वेळ कशी सुधारली बघ. म्हणजे तुझा उपयोग झाला ना? माणसाचा उपयोग होणं ही काय लहान गोष्ट आहे?

हो, नियमात बसतेस. माहीत आहे. सगळं तपासून समितीनेच सांगितलंय, पळू द्या म्हणून. पण नियमात बसणं वेगळं आणि लोकांच्या पचनी पडणं वेगळं. तू पाचवी आलीस तर तुझ्यासारखी गुणी पोर नाही, सगळे टाळ्या वाजवतील, पाठ थोपटतील, वर्तमानपत्रात फोटोसुद्धा येईल. पहिली आलीस की मग बघ. मग तुझे खांदे दिसतात लोकांना, हनुवटी दिसते, आवाज ऐकू येतो. हरणाऱ्याच्या हनुवटीकडे कोण बघतं? कोणी नाही. म्हणून सांगतो, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि पहिलीलाच पुढे विद्यापीठाच्या संघात जागा आहे. एकीलाच. माझी मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, तिला पुन्हा संधी नाही. तुला अजून — तुला काय, तू कुठेही पळशील. खरं सांगू? तुझ्यासारखं पळताना मी कोणाला बघितलेलं नाही. माझी पोर मरमर मेहनत करते, पण पाय जड आहेत तिचे, माझ्यावर गेलीय. तू वळणावर सुटतेस ना, तेव्हा माझ्या पोटात दुखतं. हे असं माझ्याच घरात का नाही जन्मलं, असं वाटतं. म्हणजे — असं म्हणजे, तसं नव्हे. कळलं ना.

काय? आई येणार आहे? बघायला? पहिल्यांदाच? अरे वा. इतकी वर्षं बोलत नव्हती ना तुझ्याशी. बरं झालं. मग तिला सांग, पोटरी धरली. आई आहे, पोटरी चोळून देईल. उगाच तिने गॅलरीत बसायचं आणि मागच्या ओळीत लोकांनी तुझ्याबद्दल काहीबाही बोलायचं, ऐकवेल का तिला? मी तुझ्या आईचाच विचार करतोय.

आणि मुलींचाही विचार करावा लागतो. त्यांना अवघडल्यासारखं होतं, तक्रार आलीय तशी. कोणाची, ते विचारू नकोस. तू काही वाईट वागलीस असं कोणी म्हणत नाही. पण बाहेरगावच्या स्पर्धेला एका खोलीत झोपायचं, आणि तू दिवा मालवल्याशिवाय कपडे बदलणार नाहीस, भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, वर तोंडातल्या तोंडात एकोणतिसाचा पाढा म्हणणार. समोरच्याला कसं वाटेल? विचित्रच वाटणार ना?

काय बघतेस अशी?

हो. दोघीच होतात खोलीत. मग? तिने काही चव्हाट्यावर नाही सांगितलं, घरी सांगितलं. जेवताना. तुझी नक्कल केली, पाढ्यासकट, मान खाली घालून — इतकी हुबेहूब की तिच्या आईला ठसका लागला. आम्ही सगळेच हसलो. वाईट अर्थाने नाही गं. घरात होतंच असं. मैत्रीण आहे म्हणून काय तिने आईबापांशी बोलू नये? तक्रार कर, असं मीच म्हटलं तिला. ती आधी नाही म्हणाली. दोन दिवस नीट जेवली नाही. मग म्हणाली, करते. शहाणी आहे.

रडणार असशील तर आत्ता रडून घे, मैदानावर नको. नाही रडत? बरं. मग एक नीट ऐकून ठेव, पुन्हा सांगणार नाही. तू गवतावर उतरली नाहीस आणि पहिली आलीस, तर आक्षेप घ्यायला दुसरं कोणी लागणार नाही. माझाच हात वर असेल. तुझ्या आईच्या देखत. मग पुन्हा डॉक्टर, पुन्हा रक्त, पुन्हा त्या खोलीत कपडे काढून उभं राहायचं, आणि तेव्हा मी बाहेर बाकावर बसलेला नसेन. निकाल लागेपर्यंत वर्ष जाईल. पळणाऱ्याच्या पायांतून एक वर्ष गेलं की काय उरतं, ते माझ्या पायांना विचार.

पुकारा झाला वाटतं. हो, पंधराशेचाच. हे घे बूट. चल, घाल. दोन फेऱ्या, पोटरी, गवत. आणि बक्षीस देताना तिच्या शेजारी उभी राहून हस जरा, लोकांना बरं वाटतं.

एवढी घट्ट नाडी कशाला ओढतेस? दोन फेऱ्यांना? — अगं, दुसरी गाठ कशाला? पाय सुजेल. मी बोलतोय तुझ्याशी. कळलं ना सगळं? हो तरी म्हण. — दार कशाला उघडलंस? थांब. काय पुटपुटतेयस? — काय? एकोणतीस दुणे — हे काय आता, पाढा कसला म्हणतेयस? मोठ्याने कशाला? अगं हळू. हळू म्हण.

माझी पोर बाहेरच उभी आहे.