हात गार, काम पार

नाव व पत्ता वरच्या रकान्यात नोंदवला आहे. वय 23 वर्षे. शिक्षण बी.एस्सी., रसायनशास्त्र. धंदा : कारखान्याच्या प्रयोगशाळेत सहायक.

मी आज सकाळी 11 वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी आईवडिलांसोबत राहते. वडील त्याच कारखान्यात अकरा वर्षं मिक्सरवर, म्हणजे रसायनं मिसळायच्या टाकीवर आहेत. 8 तारखेच्या अपघातात भाजलेले कामगार तेच. मुलगी बापाचीच बाजू घेणार, असं कारखान्याचे साहेब म्हणतील. म्हणून मी आकडे घेऊन आले आहे.

कारखान्यात आम्लाच्या पाण्यातून धातू वेगळा काढतात. त्यासाठी जे तेलकट रसायन लागतं त्याला कामगार 'ओढ्या' म्हणतात, कारण ते धातू ओढून घेतं. ओढ्या आधी द्रावकात विरघळवावा लागतो. आजवर द्रावक रॉकेलसारखं होतं. त्यात ओढ्या विरघळताना उष्णता शोषली जाते आणि टाकी गार पडते. वडील अख्खा कॅन एकदम ओततात, झाकण लावतात आणि टाकीला उजवा तळहात लावून उभे राहतात. गार लागलं की मिसळलं. नाही लागलं, तर झाकण उघडून दांड्याने ढवळायचं. "हात गार, काम पार," असं ते नव्या माणसांना शिकवतात. साहेब हे पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे.

या महिन्याच्या 5 तारखेला वेगळं, साठेक अंशांनाच उकळणारं द्रावक आलं. मी थर्मासमध्ये ओढ्या आणि हे द्रावक सारख्या मापाने मिसळून पाहिलं. तापमान 31 अंशांवरून 44 वर गेलं. साहेब म्हणाले, "पोरी, इथलं शेंबडं पोरही सांगेल, ओढ्या गार पडतो. थर्मामीटर बदल." मी बदलला. तीन वेळा मोजलं. वाढ 13, 13, साडेबारा अंश. मी म्हटलं, "ओढ्या तोच असला तरी सोबत बदलली की वागणं बदलतं, साहेब." ते म्हणाले, "रसायनाचं बोलतेस की सासरचं?"

मी नोंदवहीत लिहिलं : थोडं थोडं ओतावं, वाफेला वाट ठेवावी, उन्हातलं पिंप वापरू नये. त्यांनी न वाचता खाली सही केली आणि प्रयोगशाळेतले आकडे बाहेर बोलायचे नाहीत, अशी ताकीद दिली.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "काय गं, थर्मासात चहा सोडून काय काय उकळतेस?" मी हसले. सांगितलं नाही. सही झाली म्हणजे सूचना खाली जाईल, असं मी धरून चालले. ही माझी चूक आहे. ती तशीच लिहून घ्यावी.

8 तारखेला दुपारी सव्वादोनला वडिलांनी अंगणात उन्हात तापलेलं नव्या द्रावकाचं पिंप टाकीत रिकामं केलं, ओढ्या एकदम ओतला, झाकण लावलं आणि हात ठेवला. टाकी गरम लागली. म्हणजे अजून मिसळलं नाही, असं समजून त्यांनी रोजच्या पद्धतीप्रमाणे झाकण उघडले. उकळतं द्रावण उसळून उजव्या हातावर आणि डाव्या डोळ्यात गेलं. सूचना त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

10 तारखेला साहेबांनी मला कोरं पान दिलं. म्हणाले, "5 तारखेची नोंद नव्याने लिही, गार पडलं म्हणून. तुझी नोकरी राहील, वडिलांचंही बघू." मी लिहिलं नाही. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं पत्र कारखान्याने दुसऱ्या दिवशी दिलं.

मूळ नोंदवही मी न विचारता आणून आज ठाण्यात जमा केली आहे. तो गुन्हा होत असेल तर त्याचा वेगळा जबाब घ्यावा, मी बसले आहे.

विचारल्यावरून सांगते की, हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, 'गरम झालं' एवढंच लिहितो, आकडे कशाला?" आकडे राहू द्यावेत. गरम झालं हे वडिलांच्या हातालाही कळलं होतं. किती होणार, हे तीन दिवस आधी फक्त मला आणि साहेबांना माहीत होतं.

वडिलांच्या उजव्या तळहाताला आता गार-गरम कळत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'नियम मोडून झाकण उघडले' असं होतं. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'रोजच्या पद्धतीप्रमाणे झाकण उघडले' असं केलं. खोडल्या जागी माझी सही आहे. बाकी मी सांगितलं तसंच आहे.