लाभ, दोन, तीन

लातूरच्या मेंदूच्या दवाखान्यात कमरुन्निसा आपल्या नंबराची वाट बघत होती. समोरच्या बाकावर झटका आल्यानं तोंड वाकडं झालेले धोंडप्पा, शेजारी त्यांची बायको आणि लेक मृत्युंजय. बोलणं त्या मायलेकांचंच चाललेलं, आणि हिचे कान तिकडंच.

“अव्वा, अप्पा सोंग करून राहिलेत.”

“जीभ झडंल तुझी.”

“आडतीची जागा मी क्लासवाल्याला दिली, तवापासून मुके. माझं नाव घ्या म्हणलं तर न्हाई. अन् काल ज्वारी मापताना? लाभ, दोन, तीन... खडखडीत! एकाच्या जागी लाभ म्हणायलाबी विसरले न्हाईत.”

“चाळीस वर्षं तेच मोजलं. डॉक्टर म्हणले, पाठ असलेलं आपसूक येतंय. मनातलं बोलायचं तर एकेक आवाज जुळवावा लागतो, मेंदूतली ती जागाच दुखावली.”

“लाभ म्हणताना बरी दुखत न्हाई ती जागा!”

“पहिली दोघं लेकरं भूकंपात गेली. त्यांच्या पाठचा तिसरा तू, एकटा उरलास. तुझ्याशी कशाला अबोला धरतील रे?”

कमरुन्निसाला तरी पोराचंच पटत होतं. म्हातारा बेरकी दिसत होता.

“अप्पा, इकडं बघा. मी कोण?”

धोंडप्पांचे ओठ थरथरले. कपाळावर घाम फुटला. मग त्यांनी लेकाच्या छातीवर हात ठेवला.

“लाभ.”

“बघ अव्वा, झालं सुरू!”

“दोन.”

“नाव विचारलं मी, माप न्हाई!”

“तीन.”

हात तिथंच राहिला.

“मोजा की पुढं. चार म्हणा.”

धोंडप्पा पुढं गेलेच नाहीत.