काचेचं पलीकडचं टोक

मला सगळे काचवाली वहिनी म्हणतात. वय सत्तेचाळीस, धंदा काचा कापून खिडक्यांना बसवणे, राहणार दुकानाच्या माळ्यावर. पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष सांगते की,

काल सकाळी मी आणि माझा कामगार बारक्या एका निवृत्त साहेबांच्या घरी खिडकीची काच बसवायला गेलो. बारक्या दाराएवढा उंच आहे, म्हणून हे नाव. पूर्वी तो चोरीपायी तुरुंगात होता. कामाला लागतानाच त्याने मला ते सांगितले होते.

साहेब मनगटी घड्याळ आतल्या खोलीत ठेवून आंघोळीला गेले, तेव्हाच आम्ही काच उचलली. माणसाएवढी काच दोघांनी धरायची असते. एकाने हात सोडला तर ती दुसऱ्याच्या अंगावर येते. चौकट फुगलेली, काच बसेना. साहेब टॉवेल गुंडाळून "घड्याळ कुठंय?" करत आले, तेव्हाही आम्ही ती धरूनच उभे होतो. काचेतून बारक्याचे तोंड मला सारखे दिसत होते. माझी दहाही बोटे शाबूत आहेत, बघून घ्या. त्याने पलीकडचे टोक सोडले नव्हते.

तरी साहेबांच्या तक्रारीवरून कालपासून तो इथे मागच्या खोलीत कोंडलेला आहे. त्याचा खोकला ऐकू येतो. जेवला का, विचारले. "आधी जबाब," म्हणाले.

साहेबांनी काय पाहिले, असे मी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, "अहो, असल्या माणसाकडे बघूनच कळतं." साहेबांना काही न पाहता कळते. मी डोळ्यांनी पाहिले, तर मलाच पुन्हा पुन्हा, "वहिनी, नक्की ना? त्याला पाठीशी तर घालत नाही ना?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असे जबाबात लिहीत नाहीत, म्हणाले. लिहा म्हटले.

घरात साहेबांचा भाचाही होता. त्याला कोणी काही विचारले नाही. घड्याळ त्याने घेतले असेही मी म्हणणार नाही, कारण मी ते पाहिलेले नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'बारक्या तिथेच होता असे मला वाटते' असे लिहिले होते. मी सही केली नाही. मला वाटत नाही, मला माहीत आहे. वाटते ते साहेबांना, आणि त्यांच्या तक्रारीत 'वाटते' असे लिहिलेले नाही. माझ्या जबाबातले मी खोडायला लावले. आता मी बोलले तसेच आहे, म्हणून सही करते. सही झाली. मागच्या खोलीचे दार उघडा.