भाकर सोडायची हाक

जबाब
दि. १२/१०/२०२५, रविवार. सुरू केल्याची वेळ सायंकाळी ४.५०

मी, खंडेराव भिकन गाडेकर, वय ६४ वर्षे, व्यवसाय सेवानिवृत्त (साखर कारखान्यात वजनकाट्यावर लिपिक), राहणार देवगाव रंगारी, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर असून महिला हवालदार सुकेशनी मॅडम यांनी विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी बानाबाई असे दोघेच राहतो. मुलगी अमृता लग्न होऊन संभाजीनगर शहरात असते. पत्नी आज दुपारपासून गौताळा अभयारण्यात हरवली आहे. दिवस सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा जबाब थोडक्यात घ्यावा आणि मला परत तिकडे सोडावे, अशी विनंती मी आल्या आल्या केली. ती लिहून घ्यावी.

हरवलेल्या व्यक्तीचे वर्णन: वय ६०, उंची पाच फुटांना एक बोट कमी, रंग सावळा, बांधा सडपातळ. अंगावर मोरपंखी नऊवारी लुगडे, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. जवळ पांढऱ्या फडक्यात बांधलेल्या चार भाकरी, ठेचा व कांदा. मोबाईल वापरत नाही. ओळखीची खूण म्हणून उजव्या मनगटाच्या वर 'रूपा' असे गोंदलेले आहे. रूपा कोण, असे मॅडमनी विचारले. ते तिचे माहेरचे नाव. लग्नात माझ्या आईने बदलले. आई म्हणाली होती, "खंडेरावाच्या घरात बानाईच नांदली पाहिजे." आधार कार्डावर बानाबाई आहे आणि जंगलात कर्ण्यावरून तेच नाव पुकारणे सुरू आहे.

आज सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी आम्ही झीशान याच्या जीपने घरून निघालो. झीशान कन्नडचा आहे, वय सुमारे तीस. त्याच्या वडिलांपासून ओळख आहे. जाण्याचे कारण फिरणे. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली, पण दोघांनी मिळून कुठे नुसते फिरायला म्हणून गेलो, असे आजवर घडले नव्हते. गौताळ्याचे डोंगर तिच्या पायाखालचे आहेत. तिचे वडील कडुबा हे त्या अंगाला मेंढरे चारत आणि ती लग्नापर्यंत त्यांच्यामागे असे. गेले वर्षभर ती "डोंगर दाखवा, डोंगर दाखवा" म्हणत होती. म्हणून नेले.

९ वाजून ४० मिनिटांनी आम्ही वनखात्याच्या नाक्यावर पोहोचलो. तेथे वनरक्षक नानासाहेब यांनी वहीत नावे लिहून घेतली व जीपमध्ये प्लॅस्टिक आहे का ते पाहिले. ते खिडकीपाशी आले तेव्हा पत्नीने पदर तोंडावर ओढला व हळूच म्हणाली, "मेंढरं मागं घ्या." मी हसलो. झीशानही हसला. मला ती थट्टा वाटली.

त्यानंतर तलाव पाहिला. पाणी काठोकाठ होते. पत्नी उत्साहात होती. हा धावडा, ही सालई, ह्या मोहाखाली आमचा मेंढरांचा वाडा बसायचा, असे ती दाखवत चालली होती. एका ठिकाणी 'येथे बिबट्याचा वावर आहे' अशी पाटी होती. ती मी वाचून दाखवली. तेव्हा ती म्हणाली, "अन् बिबट्याला पाटी नाय का? माणसाचा वावर हाय म्हणून?" आम्ही तिघेही पोट धरून हसलो. मी मोबाईलवर तिचे नऊ फोटो काढले. त्यातला एक मॅडमना दिला आहे.

मॅडमनी विचारले की पत्नीची मानसिक स्थिती कशी आहे. नाक्यावर याच प्रश्नाला मी 'चांगली' असे सांगितले होते. ते खोटे होते. फेब्रुवारीत शहरातल्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार आहे असे सांगितले. जवळचे आधी जाते, जुने शेवटपर्यंत राहते, असेही सांगितले. ती फाईल मी कपाटावर टाकली. गावात कोणाला बोललो नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, लोकांना काय सांगायचे? लोक वेडी म्हणून मोकळे होतात. "आईला एकटे घेऊन कुठे जाऊ नका, मी सुट्टी काढते," असे अमृताने मला बजावले होते. मी तिला आज निघाल्याचे कळवले नाही.

आज सकाळी आजार दिसत नव्हता. तीन तास ती माझी पहिल्यासारखी बायको होती. मला वाटले, डॉक्टरांना काही कळत नाही.

१२ वाजून ३० मिनिटांनी आम्ही तलावापासून पुढे एका नाल्याच्या कडेला, खडकाच्या सावलीत बसलो. तेथून कच्चा रस्ता सुमारे दोनशे पावले आहे. झीशान जीपपाशी थांबला. मी पत्नीला भाकर सोडायला सांगितले. तिने फडके छातीशी धरले व म्हणाली, "आत्ता नाय. आबांनी हाक नाय दिली अजून." मी म्हणालो, तुझे आबा वारून तीस वर्षे झाली. तिने माझ्याकडे पाहिले. मग अदबीने विचारले, "तुम्ही कुणाकडचे पाव्हणे म्हणायचे?"

त्यानंतर मी लघवीसाठी बाजूला गेलो आणि दहा मिनिटांत परतलो, असे मी नाक्यावर सांगितले आहे. ते मला दुरुस्त करायचे आहे. मी काट्यावर तीस वर्षे काढली आहेत, खोट्या वजनाची चीड येऊन भांडणेही केली आहेत. आज मीच खोटे वजन लिहिले. मी लघवीला गेलो नव्हतो. मला राग आला. मी तिला म्हणालो, "मी कुणाचाच नाय. बस तुझ्या आबाची वाट बघत." असे म्हणून मी जीपकडे निघून आलो व सीटवर बसून राहिलो. झीशानने दोनदा विचारले, "चाचा, चाची कां हैं?" पस्तीस मिनिटे गेली. मला वाटत होते की ती मागे येईल. आजवर मी रागावून निघून गेलो की ती मागे यायची.

१ वाजून १५ मिनिटांनी मी परत गेलो. खडकाखाली तिच्या चपला जोडीने, नीट लावून ठेवल्या होत्या. ती नव्हती. भाकरीचे फडकेही नव्हते.

मी हाका मारल्या. कोणत्या नावाने मारल्या, असे मॅडमनी विचारले. नावाने नाही. मी तिला कधीच नावाने हाक मारलेली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. ती मला 'अहो' म्हणते, मी तिला 'अगं' म्हणतो. मी "अगं ए, अगं ए" असे ओरडत नाल्याच्या वर गेलो. तेथे पाय घसरून उजवा गुडघा दगडावर आपटला. झीशानने मला उठवले. १ वाजून ५० मिनिटांनी आम्ही नाक्यावर खबर दिली. नानासाहेब व वनखात्याचे सहा जण शिट्ट्या व कर्णा घेऊन लगेच निघाले. नंतर पोलीस आले, तेही शोधत आहेत. सगळे मनापासून शोधत आहेत, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. माझ्याने चालवेना व तेथे फोन लागत नाही, म्हणून फोटो, आधार कार्ड व जबाबासाठी मला पोलिसांच्या जीपगाडीने येथे आणले. झीशान शोधायला तिकडेच थांबला आहे.

मॅडमनी मला चहा दिला. तो घेतला नाही. खिडकीतून ऊन भिंतीवर चढताना दिसते आहे.

५ वाजून २० मिनिटांनी टेबलावरील वायरलेसवर निरोप आला, तो मी ऐकला. नानासाहेब सांगत होते की नाल्याच्या वरच्या कड्याला एक कपार आहे, तिच्या आतून बांगड्या वाजल्यासारखा आवाज आला. त्यांनी शिट्टी वाजवली. कर्ण्यावरून "बानाबाई गाडेकर, बाहेर या" असे तीनदा पुकारले. त्यानंतर आवाज बंद झाला. कपारीचे तोंड अरुंद आहे, आत बाजूला खोल घळ आहे. बळेच आत शिरावे तर ती मागे सरकून घळीत जाईल, आणि अंधार पडल्यावर काहीच करता येणार नाही. पुढे काय करावे, असे ते विचारत होते.

मॅडम मला म्हणाल्या, "काका, आजी वाट चुकल्यात का लपून बसल्यात? कुणाला भितात का त्या?"

तेव्हा मला आठवले. माझी अक्कल इतका वेळ कुठे गेली होती, ते मला सांगता येत नाही.

कडुबा मेंढरे चारत तेव्हा त्या भागात चराईला बंदी होती. खाकी कपड्यातला माणूस दिसला किंवा शिट्टी ऐकू आली की ते मेंढरे घेऊन एका बाजूला पळत आणि मुलीला भाकरीसकट कपारीत बसवत. मेंढरे कोंडवाड्यात गेली तर निदान दिवसाची भाकर तरी वाचावी, म्हणून. हूं की चूं करायचे नाही, श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. नुसते नावाने कोणी बोलावले तरी यायचे नाही, कारण खाकीवाला बापालाच दरडावून नाव घ्यायला लावू शकतो. धोका टळला की कडुबा वरून ओरडत, "रूपेऽऽ, भाकर सोड!" ही हाक आली तरच बाहेर यायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने मला हे सांगितले होते. मी तेव्हा हसलो होतो आणि नंतर विसरलो.

म्हणजे सकाळी नाक्यावर ती थट्टा करत नव्हती. दुपारी ती वेड्यासारखे बोलत नव्हती. आणि दोन वाजल्यापासून आम्ही खाकी घालून, शिट्ट्या वाजवून, तिला भलत्याच नावाने पुकारत तिला आणखी आत आत ढकलत आहोत.

मी हे मॅडमना सांगितले. त्यांनी माझा जबाब थांबवला आणि वायरलेसवर कळवले की शिट्टी व कर्णा बंद करा, खाकीतले सगळे खाली झाडीत सरका, एक सेट झीशानकडे द्या. झीशानच्या अंगात निळा सदरा आहे. त्याने डोक्याला रुमाल बांधला व कपारीकडे पाठ करून दगडावर सेट ठेवून बसला. तो म्हणाला, "चाचा, आवाज पूरा बड़ा किया मैं. सब लोगां पीछे हैं. बोलो."

मॅडमनी बोलायचे बटण दाखवले. पहिल्यांदा मी बटण दाबले आणि तसेच सोडून दिले. बेचाळीस वर्षांत जे नाव घेतले नाही, ते जिभेवर येईना. दुसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि सासऱ्यांचा आवाज आठवला. ते शेवटचे अक्षर डोंगरापलीकडे टाकत. मी ओरडलो, "रूपेऽऽ, भाकर सोड!"

ठाण्यातले सगळे लोक उठून दारात आले. वायरलेसवर नुसती खरखर होती. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदाही ओरडलो. वेळ ५ वाजून ४१ मिनिटे. ऊन भिंतीवरून गेले होते.

मग झीशान अगदी हळू म्हणाला, "चाचा, चुप. आ रहे."

त्याने बटण दाबून धरले. बांगड्यांचा आवाज आला. नंतर पत्नीचा आवाज आला, तो मी ओळखला. ती म्हणाली, "आले, आबा." ती झीशानच्या पलीकडे दगडावर बसली व तिने फडक्याची गाठ सोडली, असे झीशानने नंतर सांगितले. आम्हाला फक्त ऐकू येत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबा, त्या पाव्हण्यालाबी हाक मारा. रुसून गेलंय बिचारं. सकाळधरनं काय खाल्लं नाय त्यानं."

मॅडमनी मला खुर्चीवर बसवले. मी रडलो. ते जबाबात घ्यायची गरज नाही असे त्या म्हणाल्या, पण झाले ते झाले, लिहावे.

पत्नीच्या पायाला खरचटले आहे, बाकी ती सुखरूप आहे असे ५ वाजून ५० मिनिटांनी कळले. ती जीपमध्ये बसायला तयार नाही, पाव्हणा आल्याशिवाय जेवायलाही तयार नाही. तिच्याजवळ खाकीतल्या कोणी जाऊ नये, अशी माझी विनंती आहे. सुकेशनी मॅडम साध्या कपड्यांत मला घेऊन निघत आहेत. अमृताला मी फोन करून सगळे खरे सांगितले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे. शेवटी मॅडमनी 'पाव्हणा' हा शब्द खोडून तेथे 'पती' लिहू का, असे विचारले. तो खोडू नये. मीच तो, आणि मला जेवायला बोलावणे आले आहे.

सही/- खंडेराव भिकन गाडेकर
समक्ष: महिला पोलीस हवालदार सुकेशनी
संपल्याची वेळ सायंकाळी ५.५८