पाहुण्यांचं पाणी

गुणवंतराव : नाई मॅडम, परत वाचा. आमच्याच कानात काई गडबड असन. ‘पिण्यायोग्य’ म्हनजे आमाले जे वाटून राह्यलं, तेच ना?

सायमा : तेच, भाऊ. पाणी चांगलं आहे, पिता येतं. फ्लोराईड जवळजवळ नाहीच.

गुणवंतराव : कोनतं पानी? आमच्या लाल बोरिंगचं?

सायमा : हो. कागदावर तरी तसंच आहे.

गुणवंतराव : अवो, त्या हापश्याले सरकारनंच लाल रंग फासला! कोनी पिऊ नका म्हनून. ते पानी पिऊ पिऊ माही मान अशी खुंट्यावानी झाली. मांगून कोनी हाक मारली तं अख्खाच्या अख्खा फिरा लागते मले. आन तुमचा कागद म्हनते, प्या!

रुखमाबाई : हळू बोला जी. चंचल आत झोपली हाये. पाय दुखते म्हनून रातभर कन्हत होती पोट्टी, आत्ता कुठी डोया लागला तिचा.

गुणवंतराव : तू आधी मॅडमले पानी दे. वडशावरून गाडी चालवत आल्या, एवढ्या उन्हाच्या. उभी काऊन राह्यली?

रुखमाबाई : देईन ना. बसली हाये ना ती, पळून चालली काय?

सायमा : राहू द्या बाई, आधी माझं ऐका. पाणलोटाचा हा जो निधी आहे, तो ज्या गावांचं पाणी खराब, त्यांना आधी. तुमचं गाव यादीत अगदी वर होतं. या रिपोर्टमुळे ते यादीतूनच निघालं. सोमवारी यादी पक्की होईल. असं फोनवर सांगणं मला बरं वाटेना, म्हणून आले.

गुणवंतराव : निघालं म्हनजे? बोडीच्या तलावाची खोदाई, नाल्यावरचे बांध, टेकडीवरचे चर, सारंच?

सायमा : सगळंच.

गुणवंतराव : अरे बापा! मंग आता मी गावासमोर कोन्या तोंडानं उभा राहू? पानी समितीचा अध्यक्ष म्हनून मिरवलो ना मी! लटारू आज्यापासून त्या बोडीच्या पोटात लाखोडीचं पीक पेरत आला. त्याच्या हातापाया पडून मीनं सांगतलं, बोडी मोकळी कर गड्या, निधी येनार हाये. त्यानं केली. टेकडीवर बकऱ्या बंद केल्या तं रंभाबाई अजून माह्यासंग बोलत नाई. आता त्याईले सांगू, आपलं पानी चांगलं निघालं, जा घरी?

सायमा : मलाही पटत नाहीये, भाऊ. मी लॅबमध्ये दोनदा विचारलं. ते म्हणतात, बाटलीत जे होतं ते आम्ही सांगितलं.

गुणवंतराव : बाटली बदलली असन कोनी. नाल्यापलीकडचं गाव काई कमी नाई. आपलं नाव कटलं का त्याईचं वर सरकते!

सायमा : नाही भाऊ. बाटली इथून गेली ती माझ्याच पिशवीत. रस्त्यात मी कुठं थांबले नाही. नुसती रोजा सोडायला म्हणून नागभीडच्या फाट्यावर पाच मिनिटं उतरले, खजूर तोंडात टाकला आणि निघाले.

रुखमाबाई : आन पानी? पानी नाई पेली?

सायमा : माझ्या डब्यातलं प्याले, गाडीला लटकवलेलं. ऊन ऊन झालं होतं.

रुखमाबाई : गाडीचं काऊन? मीनं दिलं होतं ना तुले.

सायमा : तुम्ही कधी दिलं, बाई?

रुखमाबाई : वा वो! मोहाच्या झाडाखाली बसली होती तू. चेहरा पांढरा फटक. मले म्हटलं, बाई, चक्कर येते, एवढी बाटली भरून आना. मीनं म्हटलं, बस पोरी, उपाशी जीव, तू नको उठू. आन आनली ना भरून, झाकन घट्ट लावून. इसरली काय?

सायमा : ती बाटली... बाई, ती तुम्ही कुठून भरली?

रुखमाबाई : कुठून म्हनजे? झिऱ्यावरून. खाली नाल्यात, रेती उकरून जो झिरा केला हाये ना, तिथचं. पदरानं गाळून भरलं. दिवसभर थुका बी न गिळनारी पोट्टी, संध्याकाळी कुठंतरी रस्त्यानं उपास सोडन, तं तोंडात गोड पानी तं जाव!

गुणवंतराव : अवो बाई! अवो माह्या कर्मा!

रुखमाबाई : काय झालं जी?

गुणवंतराव : ती पिन्याची बाटली नोयती! तपासनीची होती! लाल बोरिंगचं पानी न्यायचं होतं त्याच्यात, ते किती खराब हाये हे पाहाले!

रुखमाबाई : मले कोन सांगतलं? तुमी तं सरपंचाची सही आनाले गेले होते. ही पोरगी झाडाले टेकून बसली होती. भर म्हटलं, भरली.

सायमा : मी बोरिंगचं म्हटलं नव्हतं का, बाई?

रुखमाबाई : नाई म्हटलं. आन म्हटलं असतं तरी खरं सांगू काय? रोज्याच्या मानसाले लाल बोरिंगचं पानी माह्या हातानं मीनं दिलं नसतं. दुश्मन जरी दारात आला तरी नाई देत. ते पानी आपन घरचे पितो, आपला इलाज नाई म्हनून. पाहुन्याले कोनी देते काय?

गुणवंतराव : करायले गेली पुन्य आन गाव बुडवलं अख्खं! अवो, तो झिरा बारा महिने टिकाव म्हनून तं आपन नाल्यावर बांध मांगून राह्यलो. आन तू त्याच झिऱ्याचं पानी पाठवून त्याईले सांगतलं, आमचं बेस चालू हाये, आमाले काई नको!

रुखमाबाई : ओरडा. मारा मले. पन मीनं कोनाचं वाईट कराले नाई भरलं.

सायमा : भाऊ, त्यांना बोलू नका. चूक त्यांची नाही. नियम असा आहे, की नमुना घेणाऱ्यानं स्वतः हापशावर उभं राहायचं, आधी पाणी वाहू द्यायचं, मग आपल्या हातानं भरायचं. मी झाडाखाली बसून राहिले. आणि वर सही केली, मी स्वतः भरला म्हणून. मला जराही वाटलं नाही, की बाई दुसरीकडून आणतील. बोरिंग तर इथं समोर होती!

गुणवंतराव : बरं, झालं ते झालं. सोमवार अजून गेला नाई. नवं पानी न्या, नवा कागद आना. एवढी साधी गोठ हाये.

सायमा : एवढी साधी नाही भाऊ. परत नमुना का घेतला, ते लिहून द्यावं लागतं.

गुणवंतराव : लिवा ना, लॅबची चूक झाली म्हनून. मशीन खराब होती म्हना.

सायमा : आणि लॅबमध्ये कनीज आहे, तिच्या माथी मारू? ती तर माझ्यासाठी दोनदा तपासून बसली. तिचंही घर आहे, भाऊ.

गुणवंतराव : मंग तुमी काय लिवान?

सायमा : जे झालं ते.

रुखमाबाई : माह्यं नाव लिव. लिव, का म्हातारी येडी हाये, तिले काई समजत नाई. मले कोन फाशी देनार हाये?

सायमा : तुमचं नाव लिहिलं तरी ते मलाच विचारतील, बाई, बाटली यांच्या हातात कोणी दिली? आमच्या संस्थेत याला माफी नाही. मागच्या वर्षी एकानं घरी बसून नमुने भरले होते. त्याला त्याच दिवशी काढलं. माझं तर काँट्रॅक्टच या महिन्यात संपतं. पुढचं मिळेल का, याचीच वाट पाहत होते मी.

रुखमाबाई : आन घरी? अयूबभाऊची दुकान चालू हाये ना?

सायमा : अब्बूंना आता सुई दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, पण एक डोळा गेला तो गेलाच. मशीन झाकून ठेवली आहे. धाकटा भाऊ जाहिद कॉलेजात आहे अजून. घर सध्या माझ्यावरच आहे.

गुणवंतराव : अयूबभाऊचा डोया गेला? मले ठाऊक नोयतं. अवो, माह्या राजाचा अंगरखा त्यानंच शिवला होता. झाडीपट्टीच्या नाटकात मी दिवाळीपासून होळीपर्यंत राजा व्हायचो, आन वडशाले त्याच्याच दुकानात खांद्याचं माप द्याले जायचो. म्हनायचा, गुनवंत, ताठ उभा राह्य, राजा वाकत नसते. आता पाह्य म्हना, वाकाचं म्हटलं तरी वाकता येत नाई.

रुखमाबाई : तं मंग ऐका. लिवायचं नाई काई. या पोरीचं घर बुडवून आपल्याले पानी नाई पाह्यजे.

गुणवंतराव : आन चंचल? तिचे गुडघे एकमेकाले घासते, दिसत नाई तुले? नवे दात आले पोट्टीचे, आले तेच डागाचे. शाळेत तोंडावर हात ठेवून हसते. मॅडमच्या बापाचा डोया गेला, त्याचं मले वाईट वाटते. लय वाईट वाटते. पन माही नात लंगडी होऊन राह्यली, ते कोनाले सांगू?

रुखमाबाई : मले नाई दिसत? रातभर तिचे पाय कोन चेपते, तुमी? मी चेपतो! पन ही बी कोनाची पोट्टीच हाये. आपल्या पोट्टीसाठी दुसऱ्याच्या पोट्टीच्या ताटातली भाकर ओढू काय मी? ते बी तिनं माह्यावर इस्वास टाकला म्हनून?

गुणवंतराव : मी ओढ म्हनतच नाई. मी... मले काई समजूनच नाई राह्यलं. एकीकडून आड, एकीकडून इहीर. मॅडम, तुमीच सांगा. नाई लिवलं तं आमी तुमाले दोष नाई देनार. गावाले मी सांगीन काई तरी.

सायमा : काय सांगाल?

गुणवंतराव : म्हनीन, निधी संपला. सरकारी गोठ हाये, लोकाईले लवकर पटते.

सायमा : आणि लटारूभाऊ परत बोडीत लाखोडी पेरतील?

गुणवंतराव : पेरन ना. का नाई पेरन? आन पुढच्या बारीले मी बोलावलं तं येनार नाई. त्याचंही बरोबरच राहीन.

(सायमा पिशवीतून एक कोरी बाटली काढून समोर ठेवते.)

रुखमाबाई : हे काय?

सायमा : घरून निघतानाच घेतली होती. खरं सांगू? रिपोर्ट आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. वाटेत सारखं वाटत होतं, बाई म्हणाव्यात, बोरिंगवरूनच भरलं. मग लॅब चुकली, मी सुटले. अल्लाकसम, हेच मागत आले मी रस्ताभर.

रुखमाबाई : मंग मलेच तोंड बंद ठेवता नाई आलं. पानी नाई पेली काय, एवढं इचारलं न सारं बाहेर पडलं.

सायमा : बरं झालं बाहेर पडलं. चला भाऊ, बोरिंगवर. आज ऊन असो की काही असो, मी झाडाखाली बसणार नाही.

रुखमाबाई : पोरी, इचार कर. घरी अम्मीले इचारलं काय?

सायमा : अम्मी म्हणेल, वेडी आहेस. मग स्वयंपाकघरात जाऊन रडेल. मग म्हणेल, चल, जेवून घे. मला भीती वाटते बाई, नाही असं नाही. पण चंचल त्या दिवशी मला फाटकापर्यंत सोडायला आली होती. एवढंसं अंतर, तीनदा बसली. नाही लिहिलं तर दर रोज्याला मला ते आठवेल.

गुणवंतराव : घेतीन काय पन ते? सोमवारच्या आत?

सायमा : ते मी सांगू शकत नाही. कदाचित म्हणतील, उशीर झाला. कदाचित गावही जाईल आणि माझी नोकरीही. मी आपलं खरं पाणी नेऊन देते, पुढचं त्यांच्या हातात.

(तिघं समोरच्या बोरिंगवर येतात.)

रुखमाबाई : दे, मी हापसतो. दांडा लय जड हाये त्याचा.

सायमा : नाही बाई. आज दांडाही माझ्याच हातात. भाऊ, तुम्ही बाजूला उभे राहा, नुसतं पाहा. आधी थोडं वाहू द्यायचं असतं.

गुणवंतराव : वाहू द्या, वाहू द्या. या पान्याची काई कमी नाई. आमच्या उन्हाळ्यात हेच तेवढं आटत नाई.

सायमा : दिसायला किती स्वच्छ आहे. कोणाला खरं वाटेल?

गुणवंतराव : तेच तं हाये ना. गढूळ असतं तं आमी बी पेलो नसतो. भरली?

सायमा : भरली. झाकण मीच लावलं. पाहिलं ना दोघांनी? आता निघते, लॅब बंद व्हायच्या आत पोचायचं आहे. बाई, घसा पार सुकला. आज रोजा नाही, एक गिलास पाणी द्या, की मी निघाले.

रुखमाबाई : घरी पानी नाई, पोरी.

सायमा : झिऱ्याचं थोडंसंही नाही?

रुखमाबाई : तो अक्षय्य तृतीयेच्या आधीच आटला. फाट्यावर हॉटेल हाये, तिथी पे. तेवढा दम धर.

गुणवंतराव : अवो, असं काय करतं? दारातून कोनाले तहानलेलं पाठवलं काय आपन आजवर? घरात पान्याचा गुंड भरून हाये ना, सकाळीच तं भरला तू!

रुखमाबाई : तो आपला हाये जी. पाहुन्याईचा नाई.