चौथ्या दिवशीचा भात

आदरणीय अध्यक्षमहाराज रावसाहेब आनंदराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती परशुराम मास्तर, त्यांच्या सुविद्य पत्नी मनुबाई, आणि ठाण्याच्या सर्व सुज्ञ गृहस्थहो,

दुष्काळ समितीचा चिटणीस या नात्याने मास्तरांना निरोप देण्याचा मान मला मिळाला. मी त्र्यंबक विश्राम, बावीस वर्षे कचेरीत कारकुनी करतो. आमच्या हातून कागद उत्तम होतात. बाकीचे काय होते, ते आज सांगू द्यावे.

मास्तर ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकवतात. अठराशे सत्त्याहत्तर साली घाटावरची उपाशी माणसे कल्याणवरून पायी इकडे येऊ लागली, तेव्हा त्यांनी शाळा बंद ठेवून कळव्याला खाडीकाठी छपरे घातली. मनुबाई स्वतः पेज शिजवीत. आपण सर्वांनी वाहवा केली, अर्थात लांबून.

तिथे जनी आली. नगरकडची कुणबीण, कडेवर तीन वर्षांची रतन. तिने पेजेकडे पाहून तोंड फिरवले. म्हणाली, "किरिस्तावाच्या हातचं खाल्लं तर उद्या गावात कोण घेईल मला? माझ्या लेकीचं लगीन कुनासंगं व्हईल?" मास्तरांनी कोरडा शिधा दिला, कुंभाराकडून नवे मडके आणले. पण तिला उठून बसण्याचेही त्राण नव्हते, आणि छपरातल्या बाकीच्यांनी पेज खाल्लेली, म्हणून त्यांचाही हात तिला चालेना. हवे होते काय? जिच्या हातचे चालेल अशी एक बाई, घटकाभर.

मास्तर माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. "त्र्यंबकराव, घरातलं कुणीतरी पाठवा. आजच पाठवा." माझी विधवा बहीण उत्तरा पदर खोचून निघालीसुद्धा. मीच म्हणालो, "अगं, थांब. माझ्या लेकीचं, हेमाचं लग्न ठरतंय. समितीकडून रीतसर होऊ दे."

रीतसर! त्याच दिवशी सभा भरली. रांधायला कोणी जावे, पाणी माजिवड्याच्या कोणत्या विहिरीचे, परतल्यावर तिने प्रायश्चित्त घ्यावे की नाही? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ठराव एकमताने मंजूर झाला. त्याची भाषा फार सुरेख होती हो, माझीच होती.

चौथ्या दिवशी समितीने पाठवलेल्या ब्राह्मण स्वयंपाकिणीच्या हातचा भात शिजला. रतनने खाल्ला. जनीला गिळवेना. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पुढे मनुबाई मला म्हणाल्या, "मी यांना सांगत होते, ब्राह्मणीनं रांधलंय म्हणा नि भरवा. हे ऐकेनात." मी मास्तरांना विचारले, का नाही म्हणालात? ते म्हणाले, "तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं, त्र्यंबकराव. ते मी फसवून कसं घेऊ?" मग म्हणाले, "घ्यायला हवं होतं का, असं रोज प्रार्थनेत विचारतो. उत्तर येत नाही." ज्याने उत्तर द्यायचे तो तर मी होतो.

रतनला न्यायला गावाहून कोणी आले नाही. आपली स्वयंपाकीण आठवड्याभरात परतली, आणि पोर मनुबाईंच्या हातचे जेवू लागली. तेव्हा मात्र आपण खडबडून जागे झालो. मिशनवाल्यांनी पोर बाटवली म्हणून केवढा गवगवा केला! उद्या ती या दोघांबरोबर घाटावर निघाली आहे. ती पाहा, दाराशी बसली आहे. माझ्याच्याने तिच्याकडे पाहवत नाही.

आता भाषणानंतर फराळ आहे. मघाशी येताना मी पाहिले, तीन पाने बाहेरच्या ओटीवर वेगळी मांडली आहेत. मांडणाऱ्याला रागावायला मला तोंड नाही. व्यवस्थेच्या कागदावर सही माझीच आहे, परवा केलेली. हे सगळे ठाऊक असताना केलेली. उठून ती पाने आत आणावीत असे मघापासून मनात येते आहे, आणि मी इथे उभा राहून भाषण करतो आहे.

अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, सभेने ऐकून घेतले, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल ते आपण पोटात घालावे. जे करण्यात झाले, त्याची क्षमा या सभेकडे मागून उपयोग नाही.

मास्तर, मनुबाई, सुखाने जा. पोरीला जेवू घाला.