दोन्ही नावांची हाक

रोंडा : ...तुम्ही बोट विकलीत त्याच वर्षी नातू झाला. एवढं तरी ध्यानात राहील ना, बाबा?

एल्वुड : राहील की. बोट गेली मे महिन्यात, पोरगा आला सप्टेंबरात. मधले चार महिने मी खिडकीत बसून काढले. वजन किती म्हणालीस?

रोंडा : सात पौंड दोन औंस. तिसऱ्यांदा विचारताय.

एल्वुड : आमच्याकडे एवढी मोठी शेवंड पिंजऱ्यात आली, तर परत पाण्यात सोडावी लागते. कायदाच आहे.

रोंडा : याला मी सोडत नाही. बरं, आता ऐका. दवाखान्यातली बाई जन्मदाखल्याचा अर्ज घेऊन तासाभरात परत येणार. पहिलं नाव ठरलंय, ज्युलियन. मधल्या नावाची जागा तेवढी कोरी आहे.

एल्वुड : मार्टिनच्या बापाचं घाल. भला माणूस होता.

रोंडा : मार्टिनच म्हणतोय, मधलं नाव तुझ्या माहेरचं असू दे. मला वेस्ली घालायचंय. ज्युलियन वेस्ली... बाबा? फोनवर आहात ना?

एल्वुड : आहे. कॉफी गार झाली.

रोंडा : कॉफीचं नाही विचारलं मी.

एल्वुड : नको घालू.

रोंडा : मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल.

एल्वुड : तुझा भाऊ सतराव्या वर्षी बुडाला, पोरी. तान्ह्या लेकराच्या गळ्यात ते कशाला? माझं घाल हवं तर.

रोंडा : एल्वुड? शाळेतली पोरं मारतील त्याला.

एल्वुड : मलाही मारायची. जगलो की.

रोंडा : आणि तुम्ही इतकी वर्षं त्याचं नाव बोटीच्या पाठीवर मिरवत फिरलात, ते?

एल्वुड : ते तो पाळण्यात असताना घातलेलं. इथं सगळेच घालतात बोटीला पोरांची नावं, पहिलं आणि मधलं, दोन्ही. वेस्ली डीन. तुझ्या आईनं कागदावर काढून दिलं, रंगाऱ्यानं रंगवलं. मला वाचता कुठं येत होतं? नुसता आकार ओळखायचो. पुढं तो गेला. पण बोटीचं नाव बदलू नये म्हणतात, म्हणून राहू दिलं.

रोंडा : तेवढ्यासाठीच?

एल्वुड : वायरलेसवर कुणी माणसाच्या नावानं बोलावत नाही, बोटीच्या नावानं बोलावतात. ‘वेस्ली डीन, वेस्ली डीन, कुठं आहेस रे?’ मी म्हणायचो, ‘वेस्ली डीन बोलतोय. बेटाच्या मागं आहे. मासा बरा आहे.’ रोज सकाळी. तो गेल्यावरही तीस वर्षं मी त्याच्या नावाला ओ दिली, रोंडा. असं रोज चाललं की वाटायला लागतं, तो कुठं गेलाच नाही.

रोंडा : हे मला माहीत नव्हतं.

एल्वुड : नव्या मालकानं ते नाव खरवडून काढलं. आपल्या पोरींची घातली. त्याचं काय चुकलं म्हणा, बोट त्याची. पण मे महिन्यापासून ते नाव कुणी घेतलेलं नाही. आज तूच पहिली.

रोंडा : मग घालू दे ना मला!

एल्वुड : तुला तो दिवस आठवतो?

रोंडा : पाच वर्षांची होते. आई मला पलीकडच्या अल्टाकाकूकडे सोडून धक्क्यावर पळत गेली. एवढंच.

एल्वुड : त्या सकाळी त्यानं माझे नवे दोर न विचारता उचलले. आपल्या पिंजऱ्यांना बांधायला. मी मागच्या ओट्यावरून ओरडलो. दोन्ही नावांनी. ‘वेस्ली डीन!’ आणि मग तोंडाला येईल ते बोललो. तो वळला नाही. छोटी होडी काढून एकटाच गेला. आम्ही दोघं मिळून जायचं ठरलं होतं. मी रागानं गेलो नाही.

रोंडा : बाबा...

एल्वुड : दोर केवढ्याचे होते, तेसुद्धा आता आठवत नाही.

रोंडा : आईला सांगितलं होतंत?

एल्वुड : तिनं ऐकलंच होतं ना. स्वयंपाकघरात होती. पुढं कधी विषय काढला नाही तिनं. मीही नाही.

रोंडा : आई म्हणायची, पोराचं नाव ठेवण्याआधी ओट्यावरून ओरडून बघावं. दोन्ही नावं मिळून, रागावल्यासारखं. पाण्यापर्यंत पोचलं तर ठेवावं.

एल्वुड : हो. तुझ्या वेळी तर सगळ्या खाडीला समजलं होतं.

रोंडा : मी राहते तिसऱ्या मजल्यावर. इथं ना ओटा, ना पाणी. तुम्ही ओरडून बघा.

एल्वुड : मला नाही जमायचं.

रोंडा : एकदाच. नाही पटलं तर एल्वुड घालते.

एल्वुड : पोरं मारतील म्हणालीस.

रोंडा : मारू देत. जा, दार उघडा.

(फोन ओट्याच्या कठड्यावर ठेवल्याचा आवाज. पुढचं लांबून ऐकू येतं.)

एल्वुड : ज्युलियन! ...ज्युलियन वेस्ली! ...वेस्ली! चल रे घरी. जेवण वाढलंय.

अल्टा : एल्वुड! कुणाला हाका मारतोयस?

एल्वुड : नातवाला!

अल्टा : कुठाय तो?

एल्वुड : अ‍ॅरिझोनात!

अल्टा : मग जरा जोरात ओरड की!

रोंडा : बाबा? बाबा, फोन घ्या.

एल्वुड : घेतला. या म्हातारीचे कान अजून शाबूत आहेत बघ.

रोंडा : ही रागाची हाक नव्हती.

एल्वुड : नव्हतीच. रागाची एकदा मारून झाली.

रोंडा : मग काय लिहू अर्जात?

एल्वुड : पाण्यापर्यंत गेली हाक. घाल तेच. पण एक कर. पोरावर चिडलात तरच दोन्ही नावं घ्याल, तसं नको. अधूनमधून उगीचही घेत जा. जेवायला बोलावताना.

रोंडा : घेईन. आणि तुम्ही घरच्या बायबलात लिहा, आपल्या माणसांचे जन्म-मृत्यू लिहायच्या पानावर. आता येतं तुम्हाला.

एल्वुड : तेच काढलंय. आई गेल्यावर वाचनालयातल्या बाईनं शिकवलं, तेव्हा पहिली ओळ तुझ्या आईची लिहिली. अक्षर वाकडं आलंय.

रोंडा : असू दे. लिहा, ज्युलियन...

एल्वुड : थांब. आईच्या वर एक ओळ कोरी आहे. तिनंच सोडलेली. तिच्या हातून लिहवलं नाही, मला लिहिता येत नव्हतं. मग तशीच राहिली. ती भरल्याशिवाय पोराचं कसं लिहू?

रोंडा : बाई आली, बाबा. मी फोन ठेवत नाही. तुम्ही मोठ्यानं म्हणत लिहा.

एल्वुड : वेस्ली... डीन... क्राउली. वय सतरा. समुद्रात बुडून वारला. शुक्रवार, चौदा ऑक्टोबर, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी.